बिनपगारी पट्टेवाले

'पट्टेवाला' हा शब्द आतां मागें पडत चालला आहे. कचेरीच्या दारांत उभा असणारा, अंगांत सरकारी कोट, खांद्यावरून तिरपा पट्टा आणि पट्ट्यावर पितळेचा बिल्ला, असा तो मनुष्य ज्यांनीं पाहिला आहे त्यांना एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. तो बिल्ला त्याचा नसे. तो धन्याचा असे, आणि तो छातीवर वागविल्याबद्दल धनी त्याला दरमहा पगार देत असे. या व्यवहारांत लाजिरवाणें कांहीं नव्हतें. मनुष्य पोटासाठीं काम करतो आणि ज्याचें काम करतो त्याची खूण अंगावर बाळगतो. लाज वाटण्यासारखी गोष्ट झाली असती ती एकच: एखाद्या सुखवस्तु गृहस्थानें पदरचे पैसे मोजून तसला पट्टा शिवून घेतला असता आणि रविवारीं सकाळीं तो मिरवीत गांवभर फिरला असता, तर!

हिवाळ्यांत तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाकाडोंगरीच्या आसपास, आज नेमकें हेंच पाहावयास मिळतें, आणि कोणी हंसत नाहीं. पहांटेचें धुकें निवळूं लागलें म्हणजे बारीक चाकांच्या, हलक्या, किमती सायकलींवरून आठ-दहा गृहस्थ ओळीनें जातांना दिसतात. कोणी डॉक्टर, कोणी व्यापारी, कोणी माझ्यासारखा मास्तर. प्रकृति सांभाळणारी, निरुपद्रवी, सज्जन मंडळी. परंतु त्यांच्या छात्या वाचून पाहा. एकाच्या छातीवर बेल्जममधील लॉटरी. दुसऱ्याच्या पाठीवर हप्त्यांनीं कर्ज देणारी फ्रेंच पेढी. तिसऱ्याच्या एकाच सदऱ्यावर घराच्या जमिनीला बसवावयाच्या फळ्या आणि शेजारीं चिकटविण्याचा सरस. चौथ्याच्या अंगावर अरबी अमिरातींची विमान कंपनी. यांपैकीं कोणींहि त्या लॉटरीचें तिकीट घेतलेलें नाहीं, त्या पेढीचें कर्ज काढलेलें नाहीं, आणि त्या फळ्या त्यांच्या घरीं येण्याचा संभव नाहीं. युरोपांत सायकल-शर्यतींचे जे धंदेवाईक संघ आहेत त्यांचे हे गणवेश. ते या मंडळींनीं हजारों रुपये देऊन मागविले आहेत. ज्यांना तेवढे खर्चावयाचे नव्हते त्यांनीं हुबेहूब नकला स्वस्तांत मिळविल्या आहेत. म्हणजे नकलेची नक्कल.

माझा आक्षेप कपड्याला नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. नाहीं तर 'प्राध्यापकांना धोतर नेसून सायकल चालविलेली हवी आहे' असा बोभाटा व्हावयाचा. घाम टिपणारें कापड, बसण्याच्या जागीं गादी शिवलेली तुमान, पाठीला तीन खिसे, दुरून दिसेल असा भडक रंग, या साऱ्या सोयी खऱ्या आहेत. या रस्त्यानें खाणींच्या मालमोटारी जातात. धुक्यांत भडक सदरा जीव वांचवूं शकतो. परंतु घाम कापड टिपतें, लॉटरीचें नांव टिपीत नाहीं. बिननांवाचा पिवळाजर्द सदरा तितकाच दुरून दिसतो आणि पुष्कळच स्वस्त पडतो. तेव्हां सोयीचा मुद्दा येथेंच संपला. उरला तो नांवाचा.

हें नांव त्या सदऱ्यावर आलें कसें, याची हकीगत आमच्या सायकलपटूंपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असते. फ्रान्सची महाशर्यत, तूर द फ्रान्स, १९०३ सालीं 'लोतो' नांवाच्या क्रीडापत्रानें आपला खप वाढविण्यासाठीं सुरू केली. तिचा चालक आंरी देग्रांज हा मोठा हेकट आणि करडा गृहस्थ. सायकल-कारखानदारांचे संघ आपसांत संगनमत करून शर्यतीची चव घालवितात असें त्याला वाटे. म्हणून १९३० सालीं त्यानें त्या संघांना हांकलून दिलें, राष्ट्रवार संघ उभे केले, आणि सर्व स्वारांना एकाच पिवळ्या रंगाच्या निनांवी सायकली दिल्या. राष्ट्रवार संघांची ही पद्धति १९६१ पर्यंत टिकली. ज्या शर्यतीच्या नांवानें आमच्याकडे एवढी भक्ति चालली आहे ती एवढा काळ व्यापारी संघांवांचून चालली, लोकांनीं तिला गर्दी केली, आणि तिचें कांहीं बिघडलें नाहीं.

पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील सामान्य मनुष्य स्कूटरवर आणि मग मोटारींत बसूं लागला. सायकलींचा खप बसला. कारखानदारांना संघ पोसणें जड जाऊं लागलें. तेव्हां १९५४ सालीं फियोरेंझो माग्नी या इटालियन स्वारानें तोंडाला लावण्याच्या मलमाचे कारखानदार गांठले आणि 'निव्हिआ' हें नांव आपल्या संघाच्या सदऱ्यावर घेतलें. सायकलशीं कांहींएक संबंध नसलेल्या मालानें स्वारांच्या छातीवर जागा धरण्याची वाट तेथून रुळली. मलमामागून सॉसेज आले, घड्याळें आलीं, कर्ज आलें, लॉटरी आली. सायकल स्वतःच्या कमाईवर आपला खेळ पोसूं शकेनाशी झाली, त्या दिवसांची खूण म्हणजे हीं अक्षरें. सायकलीचे प्रेमी म्हणविणारांनीं ती हौसेनें मिरवावी हा प्रकार मला तरी चमत्कारिक वाटतो.

माग्नीला मी दोष देत नाहीं. १९५६ च्या इटलीच्या शर्यतींत खांद्याजवळचें हाड मोडलें असतां सायकलीच्या मुठीला बांधलेली रबरी नळी दांतांत धरून तो डोंगर चढला, आणि शेवटीं दुसरा आला. छातीवरची जागा त्यानें विकली होती. हाड मात्र त्याचें स्वतःचें मोडलें होतें. पैसे देणाऱ्यानें पैसे दिले, घेणाऱ्यानें ते फेडले. आमचे मित्र यांत कोठें बसतात? ते कांहीं विकीत नाहींत. उलट, ज्या जाहिरातीबद्दल खऱ्या स्वाराला पैसे मिळतात तीच जाहिरात करण्यासाठीं हे स्वतः पैसे भरतात. कोणत्याहि बाजारांत असा तोट्याचा सौदा मीं पाहिलेला नाहीं, आणि तो करणारांत निम्मे व्यापारी आहेत!

आणखी एक गोष्ट. या शर्यतींत संघाचे म्हणून जे सात-आठ स्वार धांवतात त्यांत एखाददुसराच नायक असतो. बाकीचे त्याला पाणी आणून देतात, त्याच्यापुढें राहून वारा अंगावर घेतात, वेळ पडल्यास आपलें चाक काढून त्याला देतात. फ्रेंच लोक त्यांना 'दोमेस्तीक' म्हणतात, म्हणजे घरगडी. १९११ सालीं देग्रांजनें मॉरिस ब्रोको नांवाच्या स्वाराला हिणविण्यासाठीं हा शब्द वापरला आणि तो त्या धंद्याला चिकटला. दुसऱ्यासाठीं वारा अंगावर घेणारा मनुष्य मला पुष्कळदां नायकाहून थोर वाटतो. पण ज्यांच्या घरीं स्वतःचे गडीमाणसें आहेत अशा गृहस्थांनीं परदेशच्या घरगड्याचा पोशाख विकत घ्यावा, आणि तो चढवून आपण कोणी सरदार झालों असें समजावें, यांतील गंमत त्यांच्या ध्यानांत कधींच येत नाहीं.

कांहींजण तर थेट पिवळाच सदरा घेतात. तूरमध्यें जो सर्वांच्या पुढें असेल त्यानेंच घालावयाचा हा सदरा प्रथम १९१९ सालीं अझेन क्रिस्तोफ याच्या अंगावर चढला. याच क्रिस्तोफची १९१३ ची गोष्ट प्रसिद्ध आहे. पिरेनीज पर्वतांत सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घ्यावयाची नाहीं असा नियम. सायकल खांद्यावर टाकून हा कोसच्या कोस चालत खालच्या गांवीं आला, तेथील लोहाराच्या भट्टीवर त्यानें स्वतः चिमटा जोडला. आणि लोहाराच्या पोरानें भाता हालविला एवढ्या मदतीबद्दलहि पंचांनीं त्याला दंड केला. त्या मनुष्याच्या वांट्याला आलेला सदरा पैसे टाकून अंगांत घालणारे आमचे वीर चाकांतील हवा गेली म्हणजे रस्त्याच्या कडेला उभे राहून घरीं फोन करतात. मोटार येते. सायकल मोटारीच्या टपावर चढते.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. 'क्रिकेटच्या सामन्याला हजारों लोक खेळाडूंच्या नांवाचे निळे सदरे घालून जातात. त्यांना तुम्ही कांहीं म्हणत नाहीं. आम्हीहि चाहतेच.' बरोबर. पण निळा सदरा घातलेला मनुष्य प्रेक्षकांत बसतो. 'मी यांचा आहें' असें तो सांगतो. तोच सदरा घालून, पाठीवर नामांकित फलंदाजाचें नांव लावून, आपल्या गल्लींतील सामन्यांत तो खेळावयास उतरला तर गल्लींतलीं पोरेंसुद्धां त्याची टर उडवितील. कारण आतां तो 'मी यांचा' असें म्हणत नसून 'मी तोच' असें म्हणत आहे. पुण्यास जानेवारी २०२६ मध्यें आंतरराष्ट्रीय दर्जाची कित्येक टप्प्यांची शर्यत झाली. अशा वेळीं रस्त्याच्या कडेला उभें राहून आवडत्या संघाचा सदरा घालून कोणीं आरोळ्या मारल्या तर त्याच्याशेजारीं उभें राहावयास मी तयार आहें. स्वतः सायकलीवर बसल्यावर मात्र मनुष्य चाहता राहत नाहीं, कर्ता होतो. कर्त्यानें आपल्या नांवानें उभें राहावें.

दुसरा आक्षेप: 'हें एक सोंग आहे, खेळ आहे, एवढें काय मनाला लावून घेतां?' सोंगाची थोरवी आम्हां झाडीपट्टींतल्या लोकांना कोणीं शिकवावयास नको. दिवाळी झाली कीं आमच्या गांवोगांवीं मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटकें चालतात. चार प्रहर राजा होऊन गर्जणारा मनुष्य सकाळीं मुकुट उतरवून ठेवतो आणि धानाच्या बांधीवर जातो. त्याच्या राजेपणावर कोणी हरकत घेत नाहीं, कारण तें केव्हां सुरू होतें आणि केव्हां संपतें हें त्याला आणि पाहणाराला सारखेंच ठाऊक असतें. शिवाय पाहणारांनीं त्यासाठीं त्याला कांहीं दिलेलें असतें. सोंगाला हद्द पाहिजे आणि बिदागी पाहिजे. आमच्या रविवारच्या राजांना या दोहोंपैकीं एकहि नाहीं. आणि 'हें सोंग आहे' असें त्यांच्या तोंडावर म्हटलें तर ते रागावतात, यावरूनच तें सोंग नव्हे हें सिद्ध होतें.

आणि परक्याचें नांव छातीवर घेणें हें वाटतें तितकें बिनधोक नाहीं. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन स्वारानें १९९९ ते २००५ पर्यंत ओळीनें सात वेळां तूर जिंकली. त्याच्या संघाचे, अमेरिकन टपालखात्याच्या नांवाचे निळे सदरे जगभर खपले. २०१२ सालीं उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांत सातहि विजय काढून घेण्यांत आले. तो सदरा इमानानें घालून रोज पहांटे घाम गाळणाऱ्या, कोणालाहि न फसविलेल्या माणसांनीं आतां त्याचें काय करावें? अब्रू दुसऱ्याकडे गहाण टाकली म्हणजे ती केव्हां बुडेल हें आपल्या हातीं राहत नाहीं. अलीकडे तर संघांमागें दुकानांऐवजीं राज्यें उभीं राहूं लागलीं आहेत. २०२५ च्या स्पेनच्या शर्यतींत गाझांतील युद्धाविरुद्ध निदर्शनें करणारांचा रोख इस्राएलच्या नांवाच्या संघावर होता. त्या संघानें स्वारांच्या सुरक्षिततेसाठीं सदऱ्यावरून देशाचें नांव मधेंच काढलें, आणि माद्रिदमधील शेवटचा टप्पा पुरा होऊं शकला नाहीं. त्या प्रश्नांत कोणाचें मत काय असावें हा येथें विषय नाहीं. पण ज्यांना त्या सदऱ्याचा पगार मिळतो त्यांना सुद्धां तो जपून घालावा लागतो, आणि आमचे मित्र मात्र रंगसंगति चांगली दिसते म्हणून तो निवडतात!

इथवर जें लिहिलें तें थट्टेवारी नेतां आलें असतें, आणि एवढेंच असतें तर मी लेखणी उचललीहि नसती. ज्या गोष्टीमुळें लिहावयास बसलों ती वेगळी आहे.

माझा एक विद्यार्थी आहे. त्याचे वडील खाणींत कामाला. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण नाकाडोंगरीपासून जवळच आहे, चिखल्याचीहि फार दूर नाहीं. या टापूंतल्या कित्येक घरांची चूल त्या खाणींवर पेटते. मुलाजवळ घरची जुनी, काळी, जड, एकाच गतीची सायकल आहे. ती तो अशी चालवितो कीं पाहत राहावें. रविवारच्या मंडळींची ओळ त्यानें रस्त्यावर पुष्कळदां पाहिली होती. एके रविवारीं शाळेच्या वेळचा पांढरा सदरा आणि पायांत चपला, अशा थाटांत तो त्यांच्याबरोबर निघाला आणि परत येईपर्यंत एकदांहि मागें राहिला नाहीं. मंडळींनीं त्याची पाठ थोपटली. मग नेहमींप्रमाणें सर्वांचा फोटो काढावयाचा होता. तो काढण्याचें काम त्याच्याकडे आलें. निघतांना एका वडीलधाऱ्यानें अगदीं प्रेमानें सांगितलें, "पुढच्या वेळेला जरा नीट किट घेऊन ये बरें." तो पुन्हां गेला नाहीं.

मीं त्याला विचारलें, तेव्हां पैशांचें तो बोलेल असें मला वाटलें होतें. तो म्हणाला, "सर, तसा शर्ट घालून घरीं गेलों तर बाबा विचारतील ना, कोणत्या कंपनींत लागला रे तूं?"

खाणीच्या गांवांत सदऱ्यावरच्या कंपनीच्या नांवाला अर्थ आहे. नांव आहे म्हणजे नोकरी आहे, हजेरी आहे, महिन्याच्या शेवटीं पगार आहे, अपघात झाला तर कोणाच्या दारीं जावयाचें तें ठरलेलें आहे. त्या मुलाला जें उपजत कळलें तें आमच्या सुशिक्षित मंडळींना कळत नाहीं. आणि त्यांच्या त्या निरागस आवडीचा परिणाम असा, कीं जो त्या रस्त्यावरचा बहुधा सर्वांत चांगला सायकलस्वार, तो ओळींतून बाहेर पडला आणि लॉटरी, कर्ज व सरस ओळींत राहिले. हेतु वाईट नव्हता, हें मला मान्य आहे. फोटोंत तो नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

आमच्या भाषेंत 'हौशी' हा फार चांगला शब्द आहे. हौशी नाटक मंडळी आणि धंदेवाईक नाटक मंडळी हा भेद आमच्या वाडवडिलांना पक्का ठाऊक होता, आणि त्यांत हौशीला कमीपणा नव्हता. हौशी म्हणजे कोणाचा मिंधा नसलेला. इंग्रजींतील 'अमॅच्युअर' हा शब्दहि लॅटिनमधील प्रेम करण्याच्या धातूवरूनच आला. पॅरिसच्या ओडॅक्स क्लबच्या धर्तीवरील लांब फेऱ्या आतां महाराष्ट्रांतहि होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे; पहिला कोण आणि शेवटचा कोण याची नोंद क्रमानें होत नाहीं, बक्षीस नाहीं. यापेक्षां शुद्ध हौस कोणती? या हौसेला धंद्याची कातडी पांघरण्याची गरज कां पडावी? नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या मुदतींत पुरी केली. त्याच्या दोन वर्षें आधीं, २०१५ सालीं, नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनीं ती दोघांनीं मिळून पुरी केली होती. त्यांना आपण त्यांच्या नांवानें ओळखतों, त्यांच्या गांवाच्या नांवानें ओळखतों. युरोपांतील कोणत्या संघाचा सदरा त्यांना शोभला असता, हा प्रश्न कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

नाकाडोंगरीच्या माणसाला तर उसन्या मोठेपणाचें कारणच नाहीं. बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स कारखान्यानें १९३५ सालीं '५३१' या आंकड्याच्या पोलादी नळ्या काढल्या. युरोपांतील कित्येक नामांकित स्वारांनीं पुढें अनेक वर्षें त्याच नळ्यांच्या सायकलींवर शर्यती मारल्या. त्या पोलादाला बळकटी आणणाऱ्या धातूंत मुख्य मँगनीज. तोच धातु येथें जमिनींतून निघतो. १८९६ पासून एका इंग्रजी कंपनीनें मध्यप्रांतांतील या खाणी चालविल्या. १९६२ सालीं त्या सरकारनें हातीं घेतल्या. त्यांचा दगड आमच्या लोकांनीं फोडला, डोक्यावरून वाहिला. सायकलींच्या इतिहासांत आमचा वांटा सदरा विकत घेण्यापुरताच आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं एकदां डोंगरी बुजुर्गच्या खाणीच्या कांठावर उभें राहून खालीं पाहावें.

रविवारच्या मंडळींनीं आपले परदेशी सदरे जाळून टाकावे असें मी म्हणत नाहीं. रात्रीं दूरचित्रवाणीवर शर्यत पाहतांना ते खुशाल घालावे. रस्त्यावर उतरतांना मात्र एक करावें. येत्या हिवाळ्यासाठीं मंडळींचे नवे सदरे करावयाचे घाटत आहेत असें ऐकतों, आणि कोणत्या संघाच्या नमुन्यावर करावे यावर दोन तट पडले आहेत. नमुना कशाला हवा? तुमसरच्या शिंप्याकडे जावें. धानाचा हिरवा घ्या, मँगनीजचा काळा घ्या, धुक्यांत दिसावा म्हणून पाठीवर पिवळा पट्टा घ्या. छातीवर 'नाकाडोंगरी' हीं पांच अक्षरें मावतात. मीं वीत लावून पाहिलें आहे. एक सदरा त्या मुलाच्या मापाचा शिवावा आणि त्याचे पैसे मंडळींनीं भरावे. फोटो काढावयाला रस्त्यानें जाणारा कोणीहि भेटतो.